खाणीच्या उतारावरचे रानकोंबडे

खाणीच्या उतारावर नऊ नर ओरडत होते. सारिकाच्या अंदाजाने तिथे फार तर दोन असायला हवे होते.

रानकोंबड्याची बांग पाळीव कोंबड्यासारखी लांबत नाही. ती खरखरीत, तुटक असते आणि चार ठोक्यांत संपते. विणीच्या हंगामात प्रत्येक नर उजाडताना आपल्या हद्दीतून ती देतो. मादी देत नाही. त्यामुळे एकही पक्षी दृष्टीस न पडता नर मोजता येतात. ठरलेल्या जागी उभे राहायचे, बांगेची दिशा टिपायची, आणि तोच नर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून उताराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस उभा करायचा. नंतर दोघांच्या दिशा जुळवून पाहायच्या. पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यातल्या चुका साधारण ठाऊक असलेल्या आहेत.

सारिका महाडला प्राणिशास्त्र शिकवत असे. पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर डोंगराचा एक खांदा कापून काळ्या दगडाची खाण सुरू होती. महामार्गाला लागणारी खडी तिथून जाई. खाणवाल्यांना शेजारचा उतारही हवा होता. त्याच उताराच्या पायथ्याशी करंबेळवाडीचा झरा होता. विहीर माघात आटली की पाऊस पडेपर्यंत वाडी त्या एका झऱ्यावर जगे. झऱ्यासाठी वाडीने अर्ज केले होते. त्यांवर, झऱ्याचे पाणी नेमके कोणत्या खडकातून येते हे निश्चित करता येत नाही, असा अभिप्राय मिळून ते निकाली निघाले होते. शिल्लक राहिला होता तो पक्ष्यांचा मुद्दा. परवानगी देणाऱ्या समितीने विचारले होते की खाणीमुळे रानकोंबडे कमी होत आहेत काय. आणि त्याचे उत्तर दोन हंगामांच्या मोजणीतून देण्याचे काम सारिकाकडे आले होते.

तिने दोन जागा निवडल्या होत्या. एक खाणीलगतचा उतार, दुसरी दरीपलीकडचा डोंगर, जिथे सुरुंगाचा आवाज जेमतेम पोचे. गेल्या वर्षी उतारावर तीन नर सापडले होते, पलीकडे अकरा. जंगल दोन्हीकडे सारखेच: कारवी, करवंदीच्या जाळ्या, मधूनमधून हिरडा आणि ऐन. फरक खाणीचा होता. यंदा उतारावरची संख्या आणखी घसरली, तर समितीला उत्तर मिळणार होते आणि विस्तार थांबणार होता.

आणि आता नऊ.

खाली पायवाटेवर धोंडू तिची वाट पाहत उभे होते. साठीच्या आतबाहेरचे, काटक. दोन्ही वर्षे उताराच्या दुसऱ्या टोकाला उभे राहणारे तेच होते; गेल्या वर्षी पलीकडच्या डोंगरावरही तेच. वाडीतले तरुण मुंबईला. पहाटे डोंगरावर येईल असा दुसरा माणूस तिला मिळाला नव्हता.

“काय बाई, किती भरलं?” ते हसत होते.

“तुम्ही सांगा आधी.”

“माझ्या बाजूनं आठ. येक लांबचा, त्याचं नक्की नाय. गेल्या वर्सी तीन व्हतं ना?”

“तीन होते.”

“मंग! देवाची किरपा.”

कृपेचा भाग सारिकाने बाजूला ठेवला. एका वर्षात तीनाचे नऊ होणे अशक्य नव्हते, पण त्यासाठी गेल्या वर्षीची जवळजवळ सगळी पिल्ले जगायला हवी होती, आणि सुरुंगाच्या धुळीने पाने पांढरी पडलेल्या उतारावर ती का जगावीत याचे कारण तिला सुचत नव्हते.

दुपारी ती खाणीच्या कार्यालयात सुरुंगांच्या वेळा विचारायला गेली. तिथला व्यवस्थापक राजेश मूळचा महाडचाच. त्याला आकडा आधीच कळला होता. वाडीत कोणीतरी आनंदाने सांगितला असणार.

“मॅडम, नऊ म्हणे! आमच्या सुरुंगावर नाचायला येतात की काय?”

“मोजणी अजून संपलेली नाही.”

“नाही, नाही, तुमचं तुम्ही करा. आम्ही मध्ये पडत नाही. चहा घेणार?”

तिने चहा नाकारला. एकाच आकड्याने गाववाला आणि खाणवाला दोघेही खूश व्हावेत, ही गोष्ट तिला आकड्यापेक्षाही संशयास्पद वाटली. दोघांपैकी एकाचा हिशेब चुकत होता, आणि राजेशचा चुकत नव्हता. खाणीलगत पक्षी तिप्पट झाले, म्हणजे खाणीने त्यांचे काही बिघडत नाही. कोणत्याही समितीने हाच अर्थ काढला असता.

दुसऱ्या पहाटे ती पलीकडच्या डोंगरावर गेली. तिथे चार नर बोलले. गेल्या वर्षी अकरा होते. तिने सोबत आणलेला चहा थंड होऊ दिला आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर येईपर्यंत बसून राहिली. पाचवा बोलला नाही. मात्र माद्या होत्या. वाळलेल्या पानांतून दोन मिळून गेल्या, मागोमाग आणखी एक. बारीक कुडकुडत, पायांनी माती उकरत.

मग ती उतारावर परतली आणि या वेळी बांग ऐकण्याऐवजी जमीन पाहत फिरली. उकरलेल्या जागा थोड्या होत्या. मादीचे तपकिरी पीस एकही नव्हते. नरांच्या मानेवरची पिवळे ठिपके असलेली पिसे मात्र तिला तीन ठिकाणी विखुरलेली दिसली, जशी झुंजीनंतर पडतात. करवंदीच्या एका जाळीखाली एक नर मेलेला होता. डोळ्याशी टोचलेले, छाती फाटलेली. मुंग्या लागल्या होत्या. तिने त्याला उलटा केला. डाव्या पायावर, नखीच्या वर, कातडी गोल कापून पुन्हा भरून आलेली होती. दोरा आवळल्याशिवाय अशी जखम होत नाही.

पक्षी वाढले नव्हते. आणले गेले होते.

धोंडूंच्या पडवीत चंपाबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत बसल्या होत्या. सारिकाने मेलेला पक्षी कागदात गुंडाळून आणला होता. तो तिने पायरीवर ठेवला आणि पाय दाखवला. चंपाबाईंनी एकदा पाहिले आणि सूप खाली ठेवले.

“अवो, बाहेर या. तुमचा परताप आलाय दारात.”

धोंडू आले. त्यांनी नाकारले नाही. किंबहुना सांगायला कोणीतरी हवे होते असेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

पद्धत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. रानातली अंडी खुडूक कोंबडीखाली उबवून एक नर पाळायचा. विणीच्या दिवसांत त्याला पिंजऱ्यात घालून डोंगरावर न्यायचे आणि भोवती फासे लावायचे. पिंजऱ्यातला बांग देतो; त्या हद्दीचा मालक चवताळून भांडायला येतो आणि फाशात पाय अडकवून घेतो. पूर्वी हे खाण्यासाठी चाले. धोंडूंच्या वडिलांनंतर बंद पडले होते.

“पल्याडच्या डोंगरावनं सात आणलं,” धोंडू म्हणाले. “टोपल्यात घालून, कापड टाकून. येकाला बी इजा नाय केली.”

“हा मेलाय, काका.”

“ते त्येंच्यात भांडून. आमी नाय मारला.”

“पण का आणलेत?”

धोंडूंनी तिच्याकडे नवलाने पाहिले. “का म्हंजे? घाटावर कोयनेच्या बाजूला माझा साडू हाय. थितं वाघ हाय म्हनून कोन दगुड उचलत नाय. डोंगराला हात लावायची टाप नाय कुनाची. आमच्यात वाघ कुटला आननार? कोंबडं मोजायला तुमी आल्या. म्हटलं, कोंबडं तर कोंबडं. जास्त भरलं तर डोंगर सुटंल.”

“माणसं मोजायला कोन आलं नाय,” चंपाबाई म्हणाल्या. “कोंबडं मोजायला बाई आल्या. मंग कोंबडंच दाखवावं लागतंय.”

सारिका पायरीवर बसली. या तर्कात तिला दोष सापडेना. जिथे प्राणी अधिक तिथे संरक्षण अधिक, हे देशातले बहुतेक कायदे मानतात. मोजणीचा प्रश्न मात्र दुसराच होता, आणि तो तिने वाडीत कोणालाही सांगितला नव्हता. मुद्दामच. निरीक्षकाला अपेक्षित निष्कर्ष माहीत असला तर त्याचे कान त्या बाजूला झुकतात. म्हणून मदतनिसाला फक्त मोजायला सांगावे, का मोजतो आहोत ते सांगू नये. ही काळजी ती विद्यार्थ्यांनाही घ्यायला लावत असे.

आता तिने सांगितले. खाणीजवळ पक्षी कमी दिसले असते तर खाण दोषी ठरली असती. जास्त दिसल्यामुळे ती निर्दोष ठरते. त्यात सात नर ज्या डोंगरावरून आणले तो तुलनेचा डोंगर होता. तिथली संख्या पडल्यामुळे खाणीची बाजू दुप्पट बळकट झाली होती.

धोंडूंनी कागदातल्या पक्ष्याकडे पाहिले.

“म्हंजे आमी खानीचं काम केलं?”

“हो.”

“फुकाट,” चंपाबाई म्हणाल्या. “मजुरी पन नाय.” आणि त्या हसल्या, त्यात गंमत मुळीच नव्हती.

“परत सोडून येतो,” धोंडू म्हणाले. “उद्याच फासं लावतो. पयलं व्हतं तसं.”

“ते आता होणार नाही. जेवढे जगलेत तेवढे इथे जागेसाठी भांडत बसलेत. पिंजरा पाहून येतील तेही, आणि इथले मूळचे तीनही येतील. तुम्हाला ओळखू येतील का कुठले कुणाचे?”

त्यांना ओळखू आले नसते. शिवाय पिंजऱ्यातल्या नराच्या आव्हानाला फक्त नरच येतो, मादी येत नाही. म्हणून उतारावर नवरेच नवरे जमले होते आणि पलीकडे माद्या एकट्या राहिल्या होत्या. दोन्हीकडचा हंगाम वाया जाणार होता. हे तिने सांगितले नाही. सांगून काही सुधारणार नव्हते.

“मग तुमी काय लिवनार?”

“घडलं ते. यंदाची मोजणी बाद, कारण पक्षी हलवले गेले. गेल्या वर्षीची मोजणी ग्राह्य. तिच्यातूनही खाणीचा परिणाम दिसतो. दोन वर्षांइतका ठाम नाही, पण दिसतो.”

“कुनी हलवलं ते?”

“नाव लिहिलं तर तुमच्यावर गुन्हा होईल. पक्षी संरक्षित आहे. नाव न लिहिता ‘हलवले गेल्याचे आढळले’ एवढं लिहिता येईल.”

“आन् ते मानतील?”

सारिकाने विचार करून उत्तर दिले. “पुरावा मागतील. एका मेलेल्या पक्ष्याच्या पायावरची जखम, एवढाच माझ्याकडे आहे.”

“मंग मी सांगतो जाऊन.”

“काका, वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.”

“वकील काय सांगंल? गप ऱ्हा. गप ऱ्हायलो तर झरा गेला.” त्यांनी कागदातला पक्षी उचलून बाजूला ठेवला. “चूक मी केली. म्हंजे बोलायचं बी मीच.”

“आन् पोलीस आलं तर मी बोलते,” चंपाबाई म्हणाल्या. “येवढं आयुष्य ह्यांच्याशी बोलले, पोलिसाशी बोलायला काय लागतंय!”

सुनावणी महाडला झाली, एका सभागृहात. पंखे जोरात फिरत होते आणि ध्वनिक्षेपक मधूनमधून किंचाळत होता. समितीचे तिघे मंचावर, खाली एका बाजूला राजेश आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला वाडीतली वीस-पंचवीस माणसे. सारिकाने आपला अहवाल वाचला. त्यानंतर धोंडू उभे राहिले आणि त्यांनी सगळे सांगितले: पिंजरा, फासे, टोपल्या, सात नर. आवाज स्थिर होता. भिंतीशी उभा असलेला वनरक्षक लिहून घेऊ लागला.

राजेशचा चेहरा उतरला. मोफत मिळालेले नऊ नर त्याच्या हातून निसटत होते. वकील मात्र शांत होते. मध्यम वयाचे, नम्र गृहस्थ. प्रश्न विचारण्याआधी ते चष्मा पुसत.

“धोंडूजी, आपण खरं बोललात याबद्दल आपले आभार. मला एवढंच सांगा, गेल्या वर्षीच्या मोजणीत मॅडमसोबत दुसऱ्या जागी कोण उभं होतं?”

“मीच.”

“आणि मॅडमना ऐकू न आलेले पक्षी आपण सांगत होता, मॅडम ते टिपून घेत होत्या?”

“व्हय. त्येच काम व्हतं.”

“आपल्याला खाण नको होती. गेल्या वर्षीही नको होती?”

“कुनाला हवी व्हती?” मागून कोणीतरी ओरडले आणि वाडीची माणसे हसली. वकीलही हसले.

मग ते सारिकाकडे वळले.

“मॅडम, आपण शास्त्रज्ञ आहात, म्हणून आपल्याला विचारतो. ज्या इसमाने यंदा सात पक्षी हलवून मोजणी बिघडवली, त्याच इसमाच्या कानांवर गेल्या वर्षीची मोजणी उभी आहे. बरोबर?”

“अंशतः.”

“गेल्या वर्षी त्यांनी काही फेरफार केला नाही, पक्षी हलवले नाहीत, संख्या कमी-जास्त सांगितली नाही, असं आपण खात्रीने सांगू शकता?”

उत्तर तिला ठाऊक होते आणि प्रश्नाची रचनाही लक्षात आली होती. गेल्या वर्षी उतारावरचे तिन्ही नर तिने स्वतः ऐकले होते. पण पलीकडच्या अकरांपैकी चार फक्त धोंडूंनी सांगितलेले होते. ते वजा केले तरी फरक उरत होता, सात आणि तीन. पण एका हंगामाच्या सात आणि तीनवर कोणताही ठाम निष्कर्ष ती स्वतःच कोणा विद्यार्थ्याला काढू देणार नव्हती.

“त्यांनी फेरफार केला असण्याची शक्यता मला अत्यंत कमी वाटते,” ती म्हणाली.

“मी शक्यता विचारली नाही. खात्री?”

धोंडू तिच्याकडे पाहत होते. सगळी वाडी पाहत होती. ध्वनिक्षेपक पुन्हा किंचाळला आणि कोणीतरी त्यावर थाप मारली.

“खात्रीने नाही,” ती म्हणाली.

“आभारी आहे,” वकील म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

सारिका पुढेही बोलली. विज्ञानात खात्री कशाचीच नसते, संशय असणे म्हणजे पुरावा नसणे नव्हे, मोजणी पुन्हा करावी, दुसऱ्या निरीक्षकासह. तिने सगळे मुद्दे क्रमाने मांडले. अध्यक्षांनी ते सौजन्याने ऐकून घेतले. निर्णय पावसाळ्याअगोदर आला. दोन्ही हंगामांची मोजणी अविश्वसनीय ठरल्यामुळे खाणीचा पक्ष्यांवर विपरीत परिणाम होतो, असे दाखवणारा ग्राह्य पुरावा उपलब्ध नाही. सबब विस्तारास हरकत नाही. धोंडूंवर गुन्हा दाखल झाला. त्यांच्या कबुलीशिवाय त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

ती वाडीत गेली तेव्हा उतारावर हद्दीचे दगड रंगवून झाले होते आणि वरच्या अंगाला छिद्रे पाडणारे यंत्र चढवण्यासाठी वाट तोडणे सुरू होते. धोंडू जामिनाच्या कामासाठी महाडला गेले होते. चंपाबाई दारात दोन कळशा घासत होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितले नाही, पण जा असेही म्हणाल्या नाहीत.

“अपील करता येतं,” सारिका म्हणाली. “मी सगळी माहिती देईन. मी स्वतः उभी राहीन.”

“उभ्या तर तवा बी व्हत्या तुमी.”

सारिका पायवाटेवर तशीच उभी राहिली.

“येक इचारू?” चंपाबाईंनी राखेचा हात थांबवला. “त्येंनी इचारलं, गेल्या वर्सी ह्यांनी काय केलं नाय असं खात्रीनं सांगता काय. तुमी नाय म्हनल्या. व्हय म्हनल्या असत्या तर?”

“ते खोटं झालं असतं.”

“खोटं कसं? गेल्या वर्सी आमी नव्हतंच काय केलं. पिंजरासुदिक नव्हता आमच्याकडं. कोंबडा तुमची मोजनी झाल्यावर पाळला.”

“पण ते मला माहीत नव्हतं, चंपाबाई. माहीत नसलेलं मी खात्रीने कसं सांगणार?”

“आमाला इचारायचं व्हतं.”

विचारले असते तर त्यांनी हेच सांगितले असते, आणि त्या सांगण्याला पुरावा म्हणता आले नसते. तिचे म्हणणे प्रत्येक टप्प्यावर बरोबर होते. चंपाबाईंचेही खरे होते. दोन्हींतून निघालेला निकाल समोर डोंगरावर झाडे तोडत होता.

वरच्या बाजूने दगड गडगडत खाली आले आणि करवंदीत अडकून थांबले. धुळीचा एक लोट उठला. कुठेतरी जाळीत एका नराने अवेळी, भर दुपारी बांग दिली. घाबरलेले नर असे ओरडतात. हद्दीशी त्या ओरडण्याचा संबंध नसतो आणि ते मोजणीत धरत नाहीत.

चंपाबाईंनी कळशा विसळल्या, एक डोक्यावर घेतली, एक कमरेला.

“चला, वाट सोडा बाई. झऱ्याला अजून पानी हाय तवर भरून घेते.”